गावाजवळ ओपनकास्ट कोळसा खाण येतेय, आमच्या विहिरीचं काय होईल? अहवालातला भूजलाचा भाग कोणी समजावून सांगेल का

बाबांचीविहीर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती तालुक्यात. गावाच्या पूर्वेला नवीन ओपनकास्ट (वरून उघडा खड्डा खणून काढायची) कोळसा खाण प्रस्तावित आहे, जनसुनावणीची नोटीस पेपरला आलीय आणि ग्रामपंचायतीत ईआयए (पर्यावरणावरचे परिणाम सांगणाऱ्या) अहवालाचा मराठी सारांश ठेवलाय. मी पुण्याला जॉबला, बाबा गावी एकटेच शेती बघतात. त्यांनी सारांशाची पानं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "बेटा, आपली विहीर राहील ना?" दोन दिवस झाले, मला अजून उत्तर देता आलेलं नाही.

आमची साडेसहा एकर, कापूस-तूर आणि रब्बीला गहू-हरभरा, तो सगळा विहिरीवर. विहीर आजोबांनी खोदलेली, ४६ फूट खोल, व्यास २० फूट. शिवाय ८-१० वर्षांपूर्वी मारलेलं २८० फुटांचं बोअर आहे, उन्हाळ्यात जनावरांना आणि घरी प्यायला तेच. खाणीच्या हद्दीपासून आमचं वावर साधारण अडीच किलोमीटर.

सारांशात भूजलावर जेमतेम पाऊण पान आहे. त्यात लिहिलंय की खाण शेवटी ७० मीटर खोल जाईल, पाण्याची सरासरी पातळी १० मीटर आहे, "प्रभाव त्रिज्या ६१२ मीटर" येते आणि त्यापलीकडच्या विहिरींवर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही. बराकर, कामठी असे शब्द आहेत, ते कशाचे ते कळलं नाही. मला खरंच समजून घ्यायचंय. हे ६१२ कुठून आले? अडीच किलोमीटरवर आम्ही निर्धास्त राहायचं का? आणि सुनावणीत बाबांनी उभं राहून नेमकं काय विचारायचं? खाण नकोच असं म्हणणारेही गावात आहेत आणि नोकऱ्या लागतील म्हणून हवी म्हणणारेही आहेत, त्या वादात मला आत्ता पडायचं नाहीये, फक्त पाण्याचं सांगा.

भूजल_नागपूर

ताई, बरं केलंत विचारलंत. बरीच वर्षं भूजलाच्याच कामात आहे आणि वर्धा खोऱ्याच्या कोळसा पट्ट्यात भरपूर फिरलोय, त्यामुळे जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी तुमच्या पायाखाली काय आहे ते बघू. वर काळी माती, नदीनाल्याच्या कडेला गाळ. त्याखाली तुमच्या भागात बऱ्याच ठिकाणी कामठी नावाचा वालुकाश्म लागतो, लालसर-पिवळा, हातानं चुरला तर वाळू होते असा. चंद्रपूर-वणीच्या या पट्ट्यात चांगलं पाणी देणारा दगड हाच. त्याच्या खाली बराकर, त्यातही वालुकाश्म आहे, मधेमधे शेलचे म्हणजे चिकणमातीच्या दगडाचे थर आहेत आणि कोळशाचा जाड थर त्यातच सापडतो. बराकरच्या खाली तालचीर, त्यातून पाणी जवळजवळ जात नाही. म्हणजे कोळशापर्यंत पोचायचं तर वरचा पाणी धरून ठेवणारा दगड कापूनच खाली जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. आणि तो कापला की त्यातलं पाणी खड्ड्यात उतरतं, ते सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या खोल टाक्यात, गोळा करून पंपानं बाहेर फेकावं लागतं, नाहीतर खाण चालणार नाही. खाण सुरू असेपर्यंत हे रोज, रात्रंदिवस चालतं.

आता ६१२. हा आकडा मी कागदावर करून बघितला, बरोबर जुळतो. सिचार्टचं म्हणून एक जुनं सूत्र आहे, ३००० गुणिले पाणी किती मीटर उतरवायचं ते, गुणिले पारगम्यतेचं, म्हणजे दगडातून पाणी किती सहज वाहतं त्या मापाचं, वर्गमूळ. पाणी १० मीटरवर आणि खाण ७० मीटर, म्हणजे उतरवायचं ६० मीटर. पारगम्यता दिवसाला १ मीटर धरली असणार, ती सेकंदाच्या हिशोबात घेतली की उत्तर ६१२ येतं. म्हणजे बेरीज-गुणाकारात चूक काढता येणार नाही. पण या सूत्रात काय नाही ते बघा. वेळ नाही. खाण १ वर्ष चालो की २० वर्षं, उत्तर ६१२ च. दगड किती पाणी साठवतो ते नाही, पावसानं किती पाणी परत भरतं ते नाही, खड्डा एका विहिरीएवढा आहे की दोन-तीन किलोमीटर लांब आहे तेही नाही. पाया खोदताना पाणी उपसायचं असतं तसल्या छोट्या कामात अंदाज बांधायला ते ठीक आहे, वर्षानुवर्षं उघड्या राहणाऱ्या खड्ड्यासाठी त्याच्यावर "परिणाम अपेक्षित नाही" असं वाक्य उभं करणं मला अजिबात पटत नाही.

त्याच आकड्यांवर वेळ धरून हिशोब केला तर काय होतं ते सांगतो. पारगम्यता तीच १ मीटर, पाणी धरणाऱ्या वालुकाश्माची जाडी समजा ४० मीटर. दगड वरून उघडा असेल, म्हणजे पाण्याची पातळी खाली जाईल तसे त्याच्या कणांमधले फट-छिद्र खरोखर रिकामे होतील अशी स्थिती असेल आणि साठवण, म्हणजे दगडातून मोकळं होणारं पाणी, १०० ला ५ धरली, तर पहिल्या वर्षी परिणाम साधारण ८०० मीटरपर्यंत पोचतो आणि १० वर्षांत अडीच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बरोबर तुमच्या बांधावर. पण तोच दगड वर-खाली शेलमध्ये दाबलेला असेल तर गोष्ट वेगळी होते, तिथे साठवण गुणांक फार लहान असतो, समजा ०.०००५, आणि मग दाब कमी झाल्याचा परिणाम वर्षभरातच ८ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. हे आकडे मी पुनर्भरण, म्हणजे पावसाचं जमिनीत परत मुरणारं पाणी, शून्य धरून काढलेत, त्यामुळे खऱ्यापेक्षा जास्त येणार, तुमच्याकडे हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तो सगळा वाया जात नाही. शिवाय ८ किलोमीटरवर विहीर आटते असा याचा अर्थ नाही, तिथे फरक इतका थोडा असतो की मोजूनच कळेल. पण ६१२ मीटरला रेघ मारून पलीकडे सगळं सुखरूप, असं पाणी वागत नाही एवढं नक्की.

म्हणून तुमची विहीर आणि तुमचं बोअर या दोन वेगळ्या गोष्टी धरा. ४६ फुटांची विहीर बहुतेक वरच्या झिजलेल्या थरातलं पाणी घेते, ती दर पावसाळ्यात भरते, तिला धक्का उशिरा बसेल. २८० फुटांचं बोअर म्हणजे ८५ मीटर, खाणीच्या तळापेक्षाही खोल. ते दाबाखालच्या पाण्यावर असेल तर आधी त्याला कळेल. बोअर मारताना कुठल्या फुटावर पाणी लागलं ते बाबांना आठवत असेल तर आत्ताच लिहून ठेवायला सांगा.

निर्गुडाकाठ

ताई मी वणीकडचा. मी काई शिकलेला भूवैज्ञानिक नाही, पण आमच्या वावरापासून खाण दीड किलोमीटर आहे अन् मी दोन्ही दिवस पाहिले, खाणीच्या आधीचे अन् नंतरचे. वरच्या भाऊनं बोअरचं लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, काहून का आमचं अगदी तसंच झालं.

खाण सुरू झाल्यावर पयले दोन वर्षं काईच नाही झालं, सगळे म्हणत पाहा उगाच भेवत होतो. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर हवा फेकायला लागलं. मोटर चालू केली की पाईपातून फसफस आवाज, मग दोन मिनिट लाल पाणी, मग काईच नाही. मेकॅनिक बोलावला, त्यानं २० फूट पाईप वाढवून मोटर खाली सोडली, एक वर्ष चाललं, परत तेच. मग आणखी पाईप. विहिरीत तवाही पाणी होतं म्हणून आमी गप्प राहिलो, चुकलं तिथंच. विहिरीचं असं झालं का पावसाळ्यात भरायची पूर्ण, पण आधी होळीपर्यंत टिकणारं पाणी संक्रांतीलेच तळाला. गहू बंद केला, मग चणा बी एका पाण्यावर आला. नाल्याचं बी तसंच, लहानपणी आमी जानेवारीत त्याच्यात पोहत होतो, आता दिवाळी झाली का गोटे दिसतात.

आमी पाच-सहा जण अर्ज घेऊन गेलो. तिथल्या सायबानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला, अन् एकच विचारलं, खाण यायच्या आधी तुमच्या विहिरीत कोणत्या महिन्यात किती पाणी होतं याचा कागद आहे का? कोणाजवळच नव्हता. माझा बाप सांगत होता पाणी पायरीपर्यंत राहायचं, त्या पायरीवर तो हात ठेवून दाखवत होता, पण ते कोण लिहून घेते. साहेब म्हणे पाऊस कमी झाला, बोअरं वाढली, म्हणून आटली असेल. खोटं बी नव्हतं ते पूर्ण, गावात बोअरं वाढलीच होती. पण आमच्याजवळ दाखवायले काई नव्हतं, संपलं तिथंच.

तर ताई, बाकी काई करा न करा, आजपासून विहीर मोजा. हात जोडून सांगतो.

सर्व्हे_कॅम्प

मी खाणीत सर्व्हे विभागात काम करतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका. प्रत्येक ओपनकास्टनं पाच किलोमीटरचं सगळं पाणी ओढून घेतलं असं होत नाही. आमच्या खाणीपासून ९०० मीटरवर एक विहीर आहे, तिच्यात आजही मे महिन्यात पाणी असतं, आणि दुसऱ्या अंगाला दोन किलोमीटरवरचं बोअर गेलं. कारण मधला फॉल्ट, म्हणजे दगड तुटून सरकलेली भेग. या पट्ट्यात फॉल्ट भरपूर, काही ठिकाणी फॉल्टच्या पलीकडे दुसराच दगड समोर येतो आणि पाणी अडतं, काही ठिकाणी फॉल्ट स्वतःच पाणी वाहून नेतो. त्यामुळे नकाशावर गोल वर्तुळ काढणं हे ६१२ चं असो नाहीतर ८ किलोमीटरचं, दोन्ही चूकच. आणि आम्ही जे पाणी उपसतो ते गाळ खाली बसवणाऱ्या सेटलिंग टँकमधून नाल्याला सोडतो, खालच्या अंगाचे शेतकरी त्यावर रब्बी काढतात, त्यांना विचाराल तर ते खाण बंद झाल्यावर काय होणार म्हणून काळजीत आहेत. हेही खरं आहे.

पण एक गोष्ट आतली माहिती म्हणून सांगतो, कारण अहवाल वाचणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. सम्पमध्ये जमतं त्यातलं पावसाळ्याचं पाणी आणि दगडातून पाझरलेलं पाणी एकत्रच मोजलं जातं. एक चौरस किलोमीटरचा खड्डा आणि हजार मिलीमीटर पाऊस म्हणजे नुसतं आभाळातून पडलेलं १० लाख घनमीटर. वर्षाचा एकूण उपसा बघितला तर पाऊसच मोठा दिसतो आणि भूजलाचा वाटा त्यात विरघळून जातो. तुम्हाला भूजल किती येतंय ते बघायचं असेल तर एप्रिल आणि मेचा उपसा मागा. त्या दोन महिन्यांत आभाळातून फारसं काही येत नाही, जे पंपातून बाहेर पडतं ते बहुतेक दगडातलंच. तुमच्या प्रस्तावित खाणीचा आकडा आज नसणार, पण त्याच थरात शेजारी चालू खाणी आहेत, त्यांचा मे महिन्याचा उपसा किती आणि तो अहवालातल्या हिशोबाशी जुळतो का, हा प्रश्न सुनावणीत विचारला तर समोरच्याला खरं उत्तर द्यावं लागेल.

भूजल_नागपूर

@सर्व्हे_कॅम्प भाऊ, फॉल्टचं शंभर टक्के मान्य, मी लिहायला हवं होतं. आणि मे महिन्याच्या उपशाचा मुद्दा फार चांगला आहे, मी इतक्या अहवालांवर बोललो पण असा सरळ विचारला नाही कधी.

ताई, सुनावणीसाठी माझ्याकडून थोडं. पूर्ण अहवाल मागून घ्या, सारांशावर थांबू नका, तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला ठेवावा लागतो. त्यात बघा की पारगम्यता कशी काढली, जागेवर पंप टेस्ट केली की पुस्तकातला आकडा उचलला. केली असेल तर किती बोअरवर, किती तास, आणि कामठी व बराकर यांची वेगवेगळी केली की दोन्ही मिळून एकच. पाण्याची पातळी कुठल्या महिन्यात मोजली तेही बघा, कारण ईआयएला पावसाळा सोडून एका हंगामाचा डेटा चालतो, आणि तो ऑक्टोबर ते डिसेंबरचा असेल तर विहिरी तेव्हा भरलेल्याच असतात, खरी कसोटी मेमध्ये. खाणीभोवतीच्या १० किलोमीटरच्या बफर झोनमधल्या विहिरींची यादी असते, तुमची विहीर किंवा निदान तुमच्या गावातली एक तरी त्यात आहे का ते शोधा. नसेल तर निरीक्षण विहीर म्हणून घ्या अशी लेखी मागणी करा, उथळ एक आणि खोल एक, दोन्ही, कारण एकट्या उथळ पिझोमीटरवरून (पातळी मोजायच्या बोअरवरून) खालचा दाब किती उतरला ते कळत नाही. खाणीतून पाणी उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत लागतं, त्याचा अर्ज कुठपर्यंत आलाय तेही विचारा.

आणि खाण संपल्यावर शेवटचा खड्डा पाण्यानं भरणार, भरत असताना तो आजूबाजूचं पाणी आणखी काही वर्षं स्वतःकडे ओढत राहतो. परत टाकलेल्या ओबीच्या (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या) ढिगातून जे पाणी झिरपतं ते सहसा जड आणि सल्फेटचं असतं. म्हणून पाण्याची तपासणीसुद्धा आत्ताच करून घ्या, टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, सल्फेट, फ्लोराइड. चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांत फ्लोराइड मुळातच जास्त आहे, उद्या निघालं तर ते आधीचं की नंतरचं हे सांगता आलं पाहिजे. पिण्याच्या पाण्यात १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही वरची हद्द.

सुनावणी_बघितलेली

सुनावणीचं मी सांगते, आमच्या भागात दोन झाल्यात. तोंडी बोला पण लेखीही द्या, आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अधिकारी अध्यक्ष असतात. शेवटी जे मुद्दे आले ते तिथल्या तिथे मराठीत वाचून दाखवायचे असतात, २००६ च्या ईआयए अधिसूचनेतच तसं आहे, पण तोपर्यंत लोक जेवायला घरी गेलेले असतात. बाबांना सांगा शेवटपर्यंत बसा, आपला मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच हात वर करा. आणि "आमचं पाणी जाईल" एवढंच म्हणू नका, त्याची नोंद "पाण्याबाबत चिंता व्यक्त केली" अशी एका ओळीत होते. गट नंबर, विहिरीची खोली, आजची पातळी आणि प्रश्न, असं बोललं की लिहून घ्यावंच लागतं.

बाबांचीविहीर

सगळ्यांचे मनापासून आभार. निर्गुडाकाठ दादा, तुमची पोस्ट मी बाबांना फोनवर वाचून दाखवली, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

शनिवारी गावी जाऊन आले. मोजायचं कसं ते बाबा आणि मी मिळून ठरवलं, चुकत असेल तर सांगा. कठड्यावर एका जागी लाल ऑइलपेंटनं खूण केली, दरवेळी तिथूनच. स्टीलचा टेप घेतला, खालच्या दोन मीटरला खडू घासला, टेप पाण्यात थोडा बुडेल एवढा सोडला, वर काढला की ओलं कुठपर्यंत आलं ते खडूवर स्पष्ट दिसतं. खुणेपाशी टेपवर जेवढं होतं त्यातून भिजलेला भाग वजा केला, शिवाय कठडा जमिनीपासून ७० सेंटिमीटर वर आहे तेवढे वजा केले. आदल्या संध्याकाळपासून मोटर बंद ठेवली होती. बोअरचं झाकण काढून मोजायला टेप जात नाहीये, मोटरचे केबल आणि पाईप आडवे येतात.

मग बाबांनाच सुचलं की चार तास मोटर चालवून बघू. पाणी ३ मीटर उतरलं, परत जागेवर यायला १० तास लागले, बाबा रात्री टॉर्च घेऊन दर तासाला मोजत होते, मी नको म्हटलं तरी. बोअरला पाणी कुठे लागलं तेही त्यांना आठवलं, पहिलं ११० फुटांवर थोडं आणि खरं पाणी २३० फुटांवर, तेव्हा ते पाईपमधून आपोआप वर चढून ४० फुटांवर येऊन थांबलं होतं.

भूजल_नागपूर

मोजायची पद्धत अगदी बरोबर. तुमच्या विहिरीचा व्यास ६ मीटर म्हणजे एक मीटर पाणी म्हणजे २८ हजार लिटर, ३ मीटर भरायला १० तास म्हणजे तासाला साधारण साडेआठ हजार लिटर येवा. वहीत हाच आकडा ठळक लिहा, पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात परत तशीच टेस्ट करा. पातळी पाऊसमानानं वर-खाली होते म्हणून वाद होतो, पण त्याच पातळीला भरायचा वेग निम्म्यावर आला तर त्याला पावसाचं कारण देणं अवघड जातं.

आणि २३० फुटांवर लागलेलं पाणी ४० फुटांवर चढलं, हे तुम्ही सहज लिहून गेलात पण माझ्या मते सगळ्या धाग्यातलं महत्त्वाचं वाक्य हे आहे. २३० फूट म्हणजे ७० मीटर, खाणीचा तळ जिथे येणार जवळपास तेवढीच खोली, आणि पाणी तिथे दाबाखाली आहे. म्हणजे तुमच्या बोअरला उघड्या दगडाचा हिशोब लागू होत नाही, दाबाखालच्या दगडाचा लागतो. सुनावणीत हा एकच मुद्दा मांडला तरी चालेल, की अहवालात हा जलधर (पाणी धरणारा थर) उघडा धरलाय की दाबाखालचा, आणि कशावरून. बोअर मारणाऱ्याची पावती किंवा वही कुठे असेल तर शोधा. बोअरमध्ये टेप जात नसेल तर पुढच्या वेळी मोटर वर काढाल तेव्हा बाजूनं पाऊण इंची प्लास्टिक पाईप सोडून ठेवा, त्यातून मोजता येईल.

निर्गुडाकाठ

अन् वहीच्या प्रत्येक पानावर सरपंच नाहीतर तलाठ्याची सही घ्या महिन्याले. आमच्याजवळ तीच नव्हती.

बाबांचीविहीर

हो दादा, ग्रामसेवक तयार झालेत, शिवाय गावातल्या आणखी अकरा विहिरींवर लाल खूण केलीय, शाळेतल्या सरांनी नववीच्या पोरांना दर महिन्याच्या एक तारखेला मोजायला लावायचं कबूल केलंय. बोअरवाल्याची पावती सापडली, पत्र्याच्या पेटीत खताच्या बिलांमध्ये होती, त्यावर पेनानं "२३०–२४५ पाणी" लिहिलंय. झेरॉक्स काढली.

बाबांचा आज सकाळी सहाचा मेसेज: "विहीर ७ मीटर ४०. मोटर रात्रभर बंद होती. लिहून ठेवलं."